न्हाणीतला दगड

जुनी न्हाणी नवी करायला निघालेलं माणूस बाजारात दुरून ओळखू येतं. ते फरशीला हात लावतं, भाव विचारतं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतं. बुखाऱ्याच्या बाजारात खुर्शिदाखाला आठवडाभर अशीच फिरत होती. शेवटी एका दुकानदाराने उरल्यासुरल्या खोक्यांतल्या फरश्या तिच्या गळ्यात मारल्या. सगळ्या निळ्या, पण निळा प्रत्येकीचा वेगळा.

"आकाश तरी कुठे एका रंगाचं असतं, खाला?" तो म्हणाला. तिला हसू आलं, आणि दुकानदारीत गिऱ्हाईक हसलं की सौदा झालाच.

घाई होती ती मुलाच्या लग्नाची. मुलीकडची मावशी घर बघायला आली होती. पुलाव पोटभर जेवली, अंगणातल्या अंजिराचं कौतुक केलं, आणि हात धुवायला न्हाणीत गेली ती नाकाला ओढणी लावूनच बाहेर आली. "आमची गुलचेहरा इथे अंघोळ करून आणखी मळेल हो!" पोपडे धरलेला हिरवा रंग, रशियन अमलातला गंजका टब... खोटं काहीच नव्हतं. न्हाणी सुधारली नाही, तर नवं जोडपं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणार असं ठरलं. म्हणजे एकुलता एक मुलगा शुहरत जाणार, आणि एवढ्या मोठ्या घरात खुर्शिदाखाला एकटी उरणार.

गवंडी नारझुल्लो उस्ता तोंडाने बडबड्या, पण हाताने चोख. दुपारी त्याने जुना कोबा फोडला, आणि त्याची पहार एकदम थबकली. खाली एक मोठा करडा दगड होता. पायांनी, पाण्याने झिजून मऊ झालेला. मधोमध फुलासारखी कोरलेली भोकं.

"खाला, नशीब काढलंत! जुना शोषखड्डा आहे. टबाचं, संडासाचं, सगळं पाणी यात सोडू. रस्त्यापर्यंत चर खोदून नळ टाकायचा खर्च वाचला. त्या पैशात नवाकोरा टब येईल!"

खुर्शिदाखाला दगडाकडे बघतच राहिली. हा दगड तिने कधी पाहिला नव्हता, त्याच्याबद्दल ऐकलं मात्र होतं. घरातल्या प्रत्येक बाळाची पहिली अंघोळ आणि प्रत्येक मयताची शेवटची, याच दगडावर व्हायची. सासऱ्यांनी टब बसवताना त्यावर कोबा घातला. पण सासूबाई मरेपर्यंत तिथे गरम पाणी ओतण्याआधी वाकून म्हणायच्या, "सरका रे बाळांनो, सरका. पाणी कढत आहे." खुर्शिदाखाला तेव्हा तोंड फिरवून हसायची.

"थांब, उस्ता..."

पण उस्ताने चहाची किटली उचललीच होती. "गिळतो का बघू!" म्हणत त्याने उकळतं पाणी भसकन भोकांत ओतलं.

पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

आधी काहीच नाही. मग खोल, फार खोल कुठेतरी सळसळ झाली. गच्च भरलेल्या खोलीत नवा पाहुणा येतो, आणि बसलेली माणसं कपडे सावरून, गुडघे आवरून, जरा जरा सरकत जागा करून देतात... तसा आवाज. तो पसरत गेला. न्हाणीखालून अंगणाखाली, अंगणाखालून गल्लीखाली. किती माणसं असावीत? आवाज लांब लांब जात राहिला आणि थांबायचं नाव घेईना.

भोकांतून सब्जाचा वास वर आला. मयताच्या पाण्यात टाकतात त्या ओल्या सब्जाचा.

नारझुल्लोने किटली खाली ठेवली. "खाला... खाली तळघर आहे?"

"नाही."

खुर्शिदाखालाने ओढणी डोक्यावर नीट ओढली, थोरांसमोर ओढतात तशी. "घाण पाणी इथे नाही सोडायचं," ती हळूच म्हणाली. "रस्त्यापर्यंत चर खोदून नळ टाक. टब जुनाच घासून रंगव. दगड आहे तिथे राहू दे."

"आणि मावशीबाईंनी नाक मुरडलं तर?"

"मुरडू दे. मी काय करू..."

पण एका झिजलेल्या दगडापायी मुलगा जाणार, हे तिला दिसत होतं.

लग्न झालं. निळ्या फरश्यांच्या मधोमध करडा दगड तसाच. मावशीने ओठ दाबले. जोडपं राहणार कुठे, ते दुसऱ्या दिवशी ठरायचं होतं.

पहिल्या सकाळी नव्या नवरीने घरातल्या थोरांच्या हातांवर पाणी घालायचं, ही तिथली रीत; ओले हात झटकणं म्हणजे तिचा अपमान. खुर्शिदाखाला पहाटेच तयार होऊन ओसरीवर बसली. शुहरत अजून घोरत होता. घरात चौथं माणूस नव्हतं.

बराच वेळ न्हाणीतून पाण्याचा आवाज येत राहिला. मग गुलचेहरा बाहेर आली. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हातात तांब्याची रिकामी झारी, चेहरा उजळलेला.

"अम्मी, किती मायाळू आहेत हो तुमच्याकडची माणसं! एकानेही हात झटकले नाहीत, ओंजळ धरून हात आपोआप सुकू दिले. त्या म्हाताऱ्या आजी तर म्हणाल्या, 'आता कुठे जाऊ नकोस हं, पोरी.' मी हो म्हणून बसले."

न्हाणीच्या दारातून सब्जाचा वास येत होता.

"तुमच्या हातांवर घालते, पण आधी झारी भरून घेऊ का?" गुलचेहराने मागे वळून बघत आवाज खाली आणला. "मागे अजून पुष्कळ उभे आहेत..."