डावा बूट ओला का?

उजवा पाय कोरडा होता आणि डावा ओलाचिंब. दोन्ही बूट एकाच जोडीचे, दोन्ही एकाच बर्फाळ चिखलातून चाललेले, मग असं कसं? एरवी शाल्मलीला हे कोडं फार आवडलं असतं. आत्ता मात्र ती घाबरली होती.

"आजोबा," ती कशीबशी म्हणाली, "माझ्या डाव्या पायाला बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाहीये."

आजोबा जागच्या जागी थांबले. डॉ. विश्राम देवस्थळी आयुष्यभर हिमनद्यांचा (संथपणे सरकणाऱ्या बर्फाच्या नद्यांचा) अभ्यास करत आले होते आणि त्यांच्या उजव्या पायाला तीनच बोटं होती. बाकीची दोन तरुणपणी हिमदंशाने (थंडीने मांस गोठून मरतं त्याने) गेली होती. लहानपणी शाल्मली त्या पायाला हसायची. आज तो आठवला आणि तिला रडूच फुटलं.

धुकं इतकं दाट होतं, की संशोधन केंद्रातून मदतीचं ड्रोन उडू शकत नव्हतं. केंद्र फार लांब नव्हतं, पण पायीच गाठायला हवं होतं. खाली खोलवर कुठेतरी बर्फ कडकडत होता आणि दर आवाजाला ती दचकत होती.

आजोबांनी तिला खडकावर बसवून बूट आणि मोजा काढला. बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. ती घाबरून बोटं चोळायला लागली.

"चोळू नकोस!" आजोबा ओरडले. ते कधीच ओरडत नसत. "गोठलेली कातडी चोळली तर आतून फाटते."

त्यांनी स्वेटर वर करून तिचं पाऊल आपल्या उघड्या पोटावर दाबून धरलं आणि तेही शहारले. शाल्मलीने बूट खंड्यापुढे केला. खंड्या हा त्यांच्याबरोबरचा कुत्र्याएवढा रोबो.

"तुझ्या पाठीच्या हीटरवर हा वाळव ना."

"नको, ताई. एकदम तापवलं की चामडं आखडतं आणि तडकतं," खंड्या म्हणाला. त्याने नाकातला सूक्ष्मदर्शक आधी उजव्या बुटाला लावला, मग डाव्या. "हे नुबक आहे (वरची बाजू घासून मखमलीसारखी केलेलं चामडं). इकडे बघ."

त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर उजवा बूट दिसला. बारीक तंतू गवतासारखे उभे होते आणि त्यांच्या टोकांवर पाण्याचा थेंब, अळूच्या पानावर असतो तसा, गोल बसला होता. डाव्या बुटाचे तंतू मात्र चिकटून आडवे झाले होते. त्यांच्यावर पांढरट थर होता आणि बूट जिथे वाकतो तिथे त्या थराला भेगाच भेगा पडल्या होत्या.

"याला काय लावलंयस?" आजोबांनी विचारलं.

शाल्मलीने मान खाली घातली. "खोबरेल. जलरोधक फवारा उजव्या बुटावरच संपला. आपण खोबरेल सगळ्यालाच लावतो ना, केसांना, फुटलेल्या टाचांना, कुरकुरणाऱ्या दारालासुद्धा!"

आजोबा रागावले नाहीत. "थंडीत आपल्या घरी खोबरेलाच्या बाटलीचं काय होतं?"

"गोठतं. आई बाटली उन्हात ठेवते..." ती थबकली. "म्हणजे इथेही ते गोठलं! आणि चालताना बूट वाकला की थर तडकत गेला!"

"आणि भेगांतून पाणी आत गेलं," खंड्या म्हणाला. "शिवाय तेलाने रंध्रं (बारीक छिद्रं) बुजली. घामाची वाफ आतच अडकून मोजा आणखी भिजला. ओला मोजा पायातली ऊब भराभर ओढून घेतो."

"मग फवाऱ्याने रंध्रं बुजत नाहीत?"

"नाहीत. तो प्रत्येक तंतूवर अगदी पातळ लेप देतो आणि मधल्या जागा मोकळ्या राहतात. पाण्याचा थेंब त्यांतून आत शिरू शकत नाही, पण वाफेचे कण इतके बारीक, की ते बाहेर निसटतात."

कोडं सुटलं होतं, पण बोटांना अजून काहीच कळत नव्हतं. आजोबांनी पाऊल पोटावर आणखी घट्ट दाबलं आणि ते बघून शाल्मली जास्तच घाबरली.

मग अंगठ्यात सणकन कळ गेली. "आई गं! दुखतंय!"

आजोबांनी डोळे मिटले. "दुखू दे, बाळा. चांगलं दुखू दे."

बोटं लाल झाल्यावर त्यांनी कोरडा मोजा चढवला, त्यावर चिवड्याची रिकामी पिशवी आणि वर तो ओला बूट. केंद्राचा दिवा धुक्यातून दिसेपर्यंत शाल्मली पावलागणिक बोटं हलवून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी खंड्याने सांगितलं तसं तिने केलं. नुबकच्या क्लीनरने जमेल तेवढं तेल काढलं, बुटात कागद कोंबून तो सावलीत वाळवला, मऊ ब्रशने तंतू उभे केले आणि केंद्रातला फवारा मारला. थोडा काळा डाग राहिलाच. पण पाण्याचा थेंब टाकला, तर तो टुणकन घरंगळला.

मग तिने न विचारताच आजोबांचे बूट पुढे ओढले. उजव्या बुटाच्या टोकात कापसाचा बोळा होता.

"आजोबा, तुमची बोटं गेली तेव्हा तुम्ही बुटाला काय लावलं होतं?"

आजोबा ओशाळं हसले. "साजूक तूप. तुझ्या पणजीने बरोबर दिलेलं."

शाल्मलीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिने बोळ्याजवळच्या शिवणीवर दोनदा फवारा मारला.

"पुढच्या उन्हाळ्यात हिमनदीच्या उगमापर्यंत जायचं का?" तिने विचारलं.

"जाऊ की. आणि परत येऊ तेव्हा बोटं मोजून घेऊ," आजोबा म्हणाले. "तुझी दहा, माझी आठ."