फुफ्फुसाचा तुकडा आणि मोनालीचा गोंधळ

"ओ भैया! जीव घेता का माह्या बाबाचा?"

मोनाली जिन्यातच कडाडली. रिपोर्ट आणायला ती जरा खाली गेली काय, अन् इकडे हा पांढऱ्या कोटातला पोट्टा तिच्या बाबांना, दयारामजींना – फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटला! – हॉस्पिटलचा जिना चढवून राहिला होता.

"मॅडम, ऑपरेशन के पहले देखना पड़ता है, साँस कितनी टिकती है," तो शांतपणे म्हणाला. "फिज़ियोथेरेपिस्ट हूँ मैं. बुद्धभूषण."

"जयभीम, बेटा," बाबा धापा टाकत हसले. "पोट्टीचं मनावर नको घेऊ. तिची माय गेल्यापासून माहा डॉक्टर तेच हाय."

मोनालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी म्हणावं तर जीभ रेटेना... आणि तो मेला गालातल्या गालात हसत होता!

तशी तिची काय चूक? डोकंच ठिकाणावर नव्हतं बिचारीचं. बाबांची उमर गेली सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात, धूळ खात. खोकल्यासाठी फोटो काढला, तर बारीकशी गाठ निघाली. "लवकर सापडली," सर्जन म्हणाले. "फुफ्फुसाचा एक पूर्ण भाग काढता येईल, किंवा गाठीपुरता छोटा तुकडा. छाती उघडून किंवा दुर्बिणीनं. घरी बोला, उद्या ठरवू."

घरी बोलली, तर सरला आत्या म्हणे, "चिरा लावला, हवा लागली, की पसरतेच तो रोग!" मोनालीनं आपल्या मनानं हिशेब मांडला. दुर्बिणीची छिद्रं बारीक, म्हणजे तुकडाही बारीकच निघणार, आणि रोग आत राहणार. पूर्ण काढायचं तर छाती फाडणार, वर हवा लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. आपल्या एका शब्दानं बाबा गेले तर? कँटीनच्या कोपऱ्यात तिचे डोळे घळाघळा वाहू लागले.

समोर चहाचा कप आला. मागे बुद्धभूषण.

तिनं सगळं भडाभडा सांगून टाकलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "आपने दो बातें एक कर दीं. बाहेरचा छेद वेगळा, आतला तुकडा वेगळा. फुफ्फुस स्पंजसारखं असते ना... छोट्या छेदातूनही पूर्ण भाग पिशवीत घालून ओढून काढते डॉक्टर. कितना निकालना है, वो उन्हीं से पूछो."

"अन् हवा लागते, ते?"

"मोनालीजी," तो हसू दाबत म्हणाला, "फुफ्फुसात जनमभर हवाच तर हाये!"

आणि मोनाली हसली. कितीतरी दिवसांनी, नाक पुसत पुसत. मग एकदम थबकली.

"सगळ्याच पेशंटच्या पोट्टीले चहा पाजता का?"

"नहीं. बाकी कोई डाँटती नहीं."

झालं! एक गोंधळ सुटला, तर दुसरा उभा राहिला. हा खरंच काही बोलला – की आपल्यालाच वाटलं?

दुसऱ्या दिवशी तिनं सर्जनला नीट विचारलं. गाठ लहान, कडेला, आसपासच्या गिलट्या, म्हणजे लसीकाग्रंथी, साफ. अशा वेळी छोटा भाग काढला तरी माणूस तेवढाच जगतो, ते म्हणाले, आणि धुळीनं थकलेल्या बाबांचा श्वासही जास्त वाचतो. आत काही वेगळं दिसलं, तर मात्र जास्त काढू. मोनालीनं होकार दिला. दुर्बिणीनंच झालं. काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ निघाल्या, रोग मागे राहिला नव्हता.

हॉस्पिटलातून सुट्टी मिळाली त्या दिवशी बाबा ऑटोत बसले. मोनाली बुद्धभूषणपाशी मागे रेंगाळली; ऑपरेशननंतर तो रोज बाबांकडून श्वासाचे व्यायाम करून घ्यायला येत होता, आणि रोज तिच्यासाठी चहाही आणत होता.

"पाच वर्षं तपासण्या सांगितल्या," ती म्हणाली. "जगतील ना बाबा?"

"गॅरंटी कोणीच नाही देत." त्यानं नजर चुकवली नाही. "पण आशा चांगली हाये. खूप चांगली." मग तो अडखळला. "तपासणीले... मी पण येऊ? मतलब... घरचा म्हणून?"

"काहून? बाबासाठी?"

"बाबासाठी पण."

"अन् पाच वर्षांनी तपासण्या बंद झाल्या, मग?"

"मग काय... मी थोडीच बंद होणार हाये!"

ऑटोतून आवाज आला, "पोट्टे, हो म्हण न लवकर! नवा श्वास इथंच धुरात घालवू का?"

मोनालीला कोणालाच काही विचारावंसं वाटलं नाही.

"हव," ती म्हणाली.