झाकणापासूनचं अंतर

सांगते, पण हातातला तो ग्लास आधी बाजूला ठेवा. हल्ली मला कुणाला पाणी पिताना बघवत नाही.

सुरुवात अगदी साध्या खरेदीने झाली. मी घरीच मिक्सर, रेडिओ, पोरांच्या रिमोटच्या गाड्या दुरुस्त करते, त्यामुळे सुट्या भागांच्या दुकानात माझी आठवड्याला एक खेप असतेच. त्या दिवशी दोन छोटे कंट्रोलर बोर्ड, दोन वायरलेस मॉड्यूल आणि अंतर मोजणारा एक सेन्सर आणला. हे सगळं आमच्या चिमणीसाठी. सात वर्षांची पोर नऊ दिवस उलट्या करत होती. अंगावर नुसती हाडं उरली होती. औषध पोटात ठरत नव्हतं आणि डॉक्टरीणबाई एकच सांगत होत्या, "घरचं पाणी बघा."

पाणी मागच्या अंगणातल्या टाकीतून यायचं. जमिनीखालची टाकी, वर लोखंडी झाकण. भरून ठेवलेल्या ग्लासावर सकाळी साय धरायची. पाण्यावर साय, ऐकलंय कधी? बोटाने उचलली तर तार निघाली. उकळलं तरी डब्यात विसरलेल्या ओल्या फडक्यासारखा वास जाईना. टाकी साफ करणाऱ्याने तळ खरवडून दोन बादल्या गाळ काढला. त्यात हातभर लांब केस होते, आणि आमच्या घरात तेवढे लांब केस कुणाचेच नाहीत. मी तिथेच भडाभडा ओकले.

"ताई, शेजारून गटाराची लाइन गेलीय," प्लंबर म्हणाला. "झिरपत असणार. पण फोडाफोड करायच्या आधी खात्री करून घ्या."

खात्री करणं सोपं होतं. येणारं पाणी बंद करायचं, आणि तरी पातळी वाढली तर गटार आत येतंय हे नक्की. म्हणून सेन्सर झाकणाच्या आतल्या बाजूला लावला. झाकणापासून पाणी किती खाली आहे ते तो सेंटिमीटरमध्ये मोजणार, टाकीवरचं मॉड्यूल तो आकडा हवेतून पाठवणार आणि स्वयंपाकघरात टेबलावरचं दुसरं मॉड्यूल तो माझ्या लॅपटॉपवर दाखवणार. लोखंडातून सिग्नल जात नाही, म्हणून अँटेना बाहेर काढली. हे सगळं करताना मला डोकं टाकीत घालावं लागलं. झाकणाची आतली बाजू बुळबुळीत होती, आणि कोमटही. हात तीन वेळा साबणाने धुतला, तरी जेवताना चमचा घेतला.

पहिल्या दिवशी पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं आली. चूक माझीच होती, दोन टोकांचा आकडे पाठवायचा वेग वेगवेगळा ठेवला होता. तो जुळवल्यावर आकडे आले. एकशे वीस. एकशे वीस. एकशे वीस. मग नव्वद, साठ, तीस आणि पुन्हा एकशे वीस.

नवरा डबा भरता भरता वाकून बघत होता. "अगं, तुझं पाणी उड्या मारतंय!"

"पाणी नाही, मॉड्यूल मारतंय," मी म्हटलं. पाणी काही सेकंदांत दोन हात वर येऊन खाली जात नाही. मी बॅटरी बदलली, तारा बदलल्या. शेजारपाजारच्या कुणा हौशी माणसाचा सिग्नल मिसळत असेल म्हणून दोन्ही टोकांचं चॅनल बदललं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आत चिमणी ओकत होती आणि मी बादली घेऊन धावत होते. तिच्या ओकारीलाही तोच ओल्या फडक्याचा वास होता.

मग मी आमच्या धंद्यातली शेवटची परीक्षा घेतली. टाकीवरचा बोर्ड आणि सेन्सर काढून घरात आणला. तिथे उरलं फक्त मॉड्यूल, त्याची बॅटरी आणि आत येणारी तार बाहेर जाणाऱ्या तारेला जोडणारा वायरचा तुकडा. आता त्या टोकाला ना डोकं, ना डोळा. मी पाठवीन तेच परत येणार.

दुपारचे तीन वाजले होते. लख्ख ऊन होतं. नवरा कामावर, चिमणी आतल्या खोलीत झोपलेली. मी एक-दोन-तीन पाठवलं. एक-दोन-तीन आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच आलं. वीस वेळा अचूक. म्हणजे मॉड्यूल धडधाकट होतं, आणि इतके दिवस मी चोर सोडून संन्याशाला फाशी देत होते.

मी हात मागे घेतला. काहीच पाठवलं नाही.

पडद्यावर एकशे वीस आलं.

सेन्सर माझ्यासमोर टेबलावर पडला होता, एकही तार न जोडलेला. नव्वद. मी लॅपटॉपकडे नुसती बघत राहिले. साठ. मागच्या दारातून तो वास आत आला, इतका दाट की जिभेवर चव आली. तीस. बारा. चार.

शून्य.

हा सेन्सर कधीच शून्य दाखवत नाही, वस्तू अगदी चिकटली तरी नाही. मी उठणार तोच आकडे वाढायला लागले. शंभर. दोनशे. चारशे... आणि माझ्या पाठीमागची फरशी ओली झाल्यासारखी चपचप वाजली. मी वळले नाही. खरं सांगते, माझी हिंमतच झाली नाही. सातशे. नऊशे. तिथे आकडा थांबला.

टाकीपासून घरात वायर ओढायची म्हणून मी आधी टेपने सगळी मापं घेतली होती. स्वयंपाकघरातलं टेबल चारशे. पुढचं दार बाराशे. नऊशेवर चिमणीचा पलंग होता.

धावत गेले तर पोर उठून बसली होती. गाल लाल, डोळे टवटवीत.

"आई, भूक लागली."

त्या दिवसापासून उलटी नाही. आठवड्यात अंग भरलं. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली, नवऱ्याने पेढे वाटावेत तशी सगळीकडे बातमी वाटली. टाकी आम्ही दगडमातीने बुजवली. ते मॉड्यूल बाहेर काढायला माझा हात धजावला नाही, ते तसंच आत गाडलं गेलं. आता नळाचं पाणी थेट घरात येतं.

पण चिमणी जवळ आली की मला किळस येते. आईने असं बोलू नये, मला कळतं. पोटची पोर गळ्यात हात टाकते आणि मी श्वास रोखून धरते. तिच्या श्वासाला तो वास आहे. नवऱ्याला येत नाही. म्हणतो, "तुझ्या डोक्यात बसलाय तो. जरा विश्रांती घे." तिच्या उशीवर सकाळी साय असते. ती मी चिमट्याने उचलते आणि अभ्रा कुणाला दिसायच्या आत धुऊन टाकते.

आणि स्वयंपाकघरातलं मॉड्यूल अजून आकडे दाखवतं. गाडलेली बॅटरी फार तर दोन दिवस चालली असती, आता महिना झाला. चिमणी माझ्याजवळ टेबलाशी असली की चारशे. पलंगावर असली की नऊशे. शाळेत असली की नव्वद हजार. साडेबारा वाजले की आकडा उतरायला लागतो, आणि तिची पावलं वाजण्याआधीच तो बाराशेवर आल्याचं मला दिसतं. मग मी दार उघडते.

काल रविवार होता. नवरा बाहेर गेला होता. चिमणी टेबलाशी माझ्या मांडीवर बसून चित्रं रंगवत होती, आणि मी खिडकीकडे तोंड करून श्वास घेत होते. सहज पडद्याकडे लक्ष गेलं.

नव्वद हजार.

मांडीवर तिचं वजन होतं. पायांना तिच्या अंगाचा दमटपणा लागत होता. आकडा उतरायला लागला. शाळेतून घरी यायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ घेत, वाटेत दुकानापाशी रेंगाळते तिथे रेंगाळत... दहा हजार. तीन हजार. बाराशे.

दारावर थाप पडली. कडीच्या बरीच खाली, लहान हाताची.

"आई..."

आवाज दमलेला होता, चालून चालून दमलेला. आणि दाराच्या फटीतून वास आला तो साबणाचा आणि उन्हात तापलेल्या केसांचा. माझ्या पोरीचा. महिनाभरात पहिल्यांदाच मी छाती भरून श्वास घेतला.

मी उठायला गेले. मांडीवरच्या चिमणीने खडू खाली ठेवला. चित्रावरची नजर न काढता ती हळूच म्हणाली,

"आई, नको ना उघडूस."

तिचा हात माझ्या मनगटावर होता. बुळबुळीत आणि कोमट.

मी उघडलं नाही.

बाहेर बराच वेळ कुणी रडत होतं. मग आकडा वाढायला लागला. दीड हजार. तीन हजार. दहा हजार. नव्वद हजारांवर तो थांबेल म्हणून मी बघत बसले. तो थांबला नाही. तुमच्याकडे निघाले तेव्हाही वाढतच होता.