गडव्यावरचं नाव

दीपा आणि धम्मरत्न यांची गाठ पडली ती उर्वशीच्या लग्नामुळे, ढाणकीच्या बाजारात. मोठ्या बहिणीची भांडी घ्यायला आलेली दीपा दुकानाच्या ओट्यावर बसली होती आणि तो घर्रघर्र करणाऱ्या मशीनच्या सुईने एकेका भांड्यावर 'सौ. उर्वशी' असं नाव घालत होता. अक्षर मोत्यासारखं, लक्ष मात्र भलतीकडेच.

"अन् तुमच्या भांड्यायवर कोणतं नाव घालू?" त्याने मान खाली घालूनच विचारलं.

"आधी हे तं पुरं करा..." ती म्हणाली आणि हसली. तिथेच घोळ झाला.

मग दर बाजाराला दीपाला काही ना काही घ्यायचं असे. कधी झारा, कधी चाळणी. आई, पंचफुला, म्हणे, एवढ्या चाळण्यांनी काय सगळा गाव चाळायचा आहे?

दोन वर्षांत उर्वशी गेली. आधी नुसता ताप होता. नवरा काही वाईट नव्हता. दवाखान्यात नेऊ का, असं त्याने आपल्या आईला विचारलं. ती म्हणाली, एवढा वेचा होऊ दे. कापूस वेचून घरात आला तोवर उर्वशीची शुद्ध हरपली होती. सासरच्यांनी तिची भांडी तेवढी पोत्यात भरून परत पाठवली.

वर्ष सरलं आणि धम्मरत्नच्या घरून मागणी आली. दीपाच्या मनात तोच होता, तरी तोंडून हो निघेना. पंचफुला आधी पोटभर रडली, मग म्हणाली, भांडी तर आहेतच, नाव तेवढं बदलून आण.

दीपा पोतं घेऊन दुकानात गेली. तो नुसता फुलला होता. कागदात गुंडाळलेला पाण्याचा गडवा त्याने तिच्या हातात ठेवला. त्यावर 'सौ. दीपा धम्मरत्न' असं नाव होतं. किती वाट पाहिली होती तिने या नावाची! तिने पोत्यातून उर्वशीचा गडवा काढून शेजारी ठेवला. तेच वळण, तोच हात...

"धम्मरत्न... वेच्याच्या दिवसात मले ताप आला, तं नेशील दवाखान्यात?"

"हे काय विचारनं झालं?" त्याला खरंच हसू आलं. "मायले विचारून लगेच नेईन."

तो मनापासून बोलला होता. दीपाला रडू फुटलं.

"माहा जीव हाये तुह्यावर," ती म्हणाली. "पन मी तुह्या घरी येत नाही."

"काहून? काय चुकलं माहं?"

"भाऊजीनंबी मायलेच विचारलं होतं."

तिने उर्वशीचा गडवा नाव न बदलताच परत पोत्यात ठेवला. नवा गडवा ओढणीने पुसून ओट्यावर ठेवला.

"तो तरी ने," तो म्हणाला. "या नावाचं दुसरं कोनी येनार नाही इथं."

तिने मान हलवली. पोतं जड होतं. उचलू लागायला त्याने हात पुढे केला. तिने तो हात घट्ट धरला, थोडा वेळ धरूनच राहिली... आणि मग सोडून पोतं एकटीनेच उचललं.