बटणवाली आणि अनोळखी गिऱ्हाईक

ही गोष्ट आजवर कुणालाही खरी वाटलेली नाही. मुलीच्या आईलाही नाही, आणि ती तर माझी सख्खी बहीण. तेव्हा तुम्हालाही वाटावी असा माझा मुळीच आग्रह नाही.

नवा धंदा कसा उभा करावा, लोकांपर्यंत कसा न्यावा, हे शिकवणाऱ्या वर्गात माझ्या भाचीने नाव घातलं होतं. तिचा धंदा एवढाच: जागेवर येऊन दहा मिनिटांत तुटलेलं बटण लावून देणं. म्हणून सगळे तिला बटणवाली म्हणत. वर्गातल्या बाईंचा नियम कडक. महिन्याभरात चाळीस ऑर्डरी, त्याही अनोळखी माणसांच्या. "मावशी-काका करतात ते कौतुक, त्याला गिऱ्हाईक म्हणत नाहीत. ओळखीची ऑर्डर बाद."

भाचीच्या थोरल्या ताईने त्यावरच तिच्याशी पैज लावली. चाळीस झाल्या तर धंदा, नाही तर पहिल्या तारखेपासून ताईच्या ऑफिसात फायली लावायच्या.

पहिल्या सकाळी बटणवाली एका उंच इमारतीच्या जिन्यापाशी पत्रकं वाटत उभी. कुणी हात पुढे करेना. तेवढ्यात पांढरा कोट घातलेला एकजण धावत आला. कोटाचं बटण एका धाग्यावर लोंबकळत होतं.

"थांबा... पडेल."

"कोण, मी?"

"बटण."

तो थांबला. तिने सुई ओवली. त्याच्या बाहीला लवंगेच्या तेलाचा वास होता, आणि सुई छातीजवळ आली तसा त्याने श्वास रोखून धरलेला.

"दातांचे डॉक्टर?"

"तिसरा मजला. आपलं नाव—"

"सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका. ओळख झाली की ऑर्डर बाद."

"म्हणजे अनोळखीच राहायचं?"

"चाळीस होईपर्यंत."

"ठीक. मग उद्या पुन्हा अनोळखी म्हणून येतो."

आणि आला की. दुसरं बटण घेऊन. तिसऱ्या दिवशी तिसरं. दहा मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं लागू लागली, तरी गिऱ्हाईकाची तक्रार नाही.

"तुमच्या पत्रकात चौदा ओळी आहेत," एकदा तो म्हणाला. "अनोळखी माणूस म्हणून सांगतो, तिसऱ्या ओळीला मला जांभई आली."

"दुसऱ्यांची तोंडं बघून सवय लागली असेल."

पण रात्रीतून तिने पत्रक बदललं. आता त्यावर एवढंच: बटण तुटलंय? दहा मिनिटं द्या. लोक थांबून वाचू लागले.

तरी आकडा हलेना. तेव्हा डॉक्टराने काय करावं? खुर्ची मागे झुकली, पेशंटचा जबडा उघडा, आणि याची कात्री शर्टाच्या बटणावर... कच्. तोंडात यंत्र असताना माणूस ओरडणार कसा? वर शांतपणे सांगायचा, "खाली जिन्यापाशी एक मुलगी बसते. मी तिला ओळखत नाही." ओळखत नाही म्हणताना कान मात्र लाल.

शेवटच्या दिवशी एकोणचाळीस झाल्या. दुपार टळली. बटणवालीने सुई-दोरा आवरायला घेतला, तोच रस्त्यावरून बँड आला. बावीस वाजंत्री. मोठ्या कर्ण्यावाल्याला अशी शिंक आली, अशी आली, की बावीसही जणांची सगळी बटणं उडून समोरच्या गच्चीवर—

"मामा, खोटं."

बटणवाली केव्हाची दारात उभी होती. "बँड नाही न् काही नाही. हा डॉक्टरच आला होता, स्वतःचं बारावं बटण मुठीत धरून. चाळिसावी ऑर्डर. आणि सुई ओवायच्या आधी मी त्याला नाव विचारलं. त्याच्या बाराच्या बारा बाद झाल्या."

"आणि ताई?"

"ताईला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, बारा वेळा परत येणारं गिऱ्हाईक असेल, तर फायली लावायला मी दुसरं कुणीतरी बघते."