तिसऱ्या ठिकाणचा नमुना

वर्षातून एकदाच निघणारं हे मंगळवारचं काम तसं अर्ध्या दिवसाचं. ओढ्याच्या तीन ठिकाणी जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, वाहत्या बाजूला जाळी धरून तीन मिनिटं पायांनी तळ ढवळायचा आणि जाळीत जे काही येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजायचं. पाणी तपासणाऱ्या खात्यात हे काम येणारी एकच बाई होती. खात्यातले सगळे तिला अळीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं.

पाणी कसं आहे ते किड्यांना विचारावं, असं ती नव्या माणसांना शिकवायची. यंत्राला आजचं पाणी कळतं, किड्याला वर्षभराचं. तीन शेपट्यांची चपटी अळी दिसली की पाणी चांगलं, कारण ती घाणीत एक दिवसही तग धरत नाही. आणि नुसत्या लाल अळ्या वळवळत असल्या, तर ओढ्याचे बारा वाजले म्हणून समजावं.

पहिलं ठिकाण डोंगरात होतं, दुसरं रंगाच्या कारखान्याच्या वरच्या अंगाला आणि तिसरं कारखान्याच्या खाली, वस्तीजवळ. मागच्या वर्षी तिसऱ्या ठिकाणी अळीबाई पाण्यात उतरलीच नव्हती. वास असा, की गाडीची काच खाली करवेना. त्यात मोठ्या साहेबांना त्याच संध्याकाळी अहवाल हवा होता. मग तिने डोंगरातल्या नमुन्याचे दोन भाग केले आणि एका भागाच्या बाटलीवर तिसऱ्या ठिकाणची चिठ्ठी चिकटवली. त्या अर्ध्यात तीन शेपट्यांच्या अळ्या सदतीस निघाल्या. तिने नोंदवहीत सदतीस लिहून खाली सही ठोकली.

अहवालात तिसरं ठिकाण 'उत्तम' ठरलं. उत्तम पाण्याच्या काठी टँकर कशाला, म्हणून वस्तीचा टँकर बंद झाला. त्याच वस्तीत तिची सख्खी धाकटी बहीण राहत होती. हे ऐकून कुणाला तिचा राग आला तर येऊ दे. तिलाही स्वतःचा यायचा, पण जेवण झालं की उतरायचा.

यंदा मात्र साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "बाटल्या बाहेरच्या प्रयोगशाळेत जाणार आहेत, मॅडम. मागच्या वर्षाच्या नोंदीशी ताडून बघणार आहेत." आणि डोंगरात यंदा अळ्या मोजक्याच निघाल्या होत्या, त्यांची वाटणी होण्यासारखी नव्हती. तिसऱ्या ठिकाणी लाल अळ्या निघाल्या की तिची नोकरी गेली.

दुपारी बाराच्या सुमाराला गाडी तिसऱ्या ठिकाणी थांबली. ड्रायव्हरने काचा वर केल्या आणि नाकाला रुमाल लावला.

"मॅडम, तुमची लेकरं तुम्हीच गोळा करा. मी काही इथून हलत नाही."

ती गमबूट चढवून पाण्यात उतरली. पाणी शाईसारखं काळं होतं, आणि नासलेल्या अंड्याचा न् ओल्या रंगाचा वास असा घशात बसत होता की गिळायलाही नको वाटावं. यंत्र बुडवलं तर काटा शून्याला चिकटला. या पाण्यात श्वास घेण्याजोगं काही उरलंच नव्हतं. तिने डोळे मिटून तळ ढवळला आणि जाळी ट्रेमध्ये उलटी केली.

ट्रेमध्ये एकही लाल अळी नव्हती. होत्या त्या सगळ्या तीन शेपट्यांच्या. चपट्या, धडधाकट.

आनंदाने तिच्या तोंडून हुंकार निघाला. सुटले, असं ती चक्क मोठ्याने म्हणाली. मग भिंगातून नीट पाहिलं, तेव्हा तो आनंद जरा आखडला. या अळीच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ले असतात आणि ते सारखे फडफडत असतात. इथे एकीचेही कल्ले हलत नव्हते. तरी त्या जिवंत होत्या. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे होती. तिने ट्रे फिरवला. त्या सावकाश वळल्या आणि पुन्हा तिच्याकडे तोंड करून थांबल्या.

तिने मोजायला घेतलं. छत्तीस भरल्या.

"ताई..."

काठावर धाकटी उभी होती. वर्षभरात ती अर्धी झाली होती. नेहमी येताक्षणी गळ्यात पडणारी बहीण आज चार हात लांबच थांबली.

"अगं, ये ना! बघ, तुमचं पाणी किती छान आहे ते," अळीबाई म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज नेहमीच गोड व्हायचा.

"तू लिहिलंस म्हणून पितोय आम्ही. वासाची सवय होते." धाकटी हळू बोलत होती, कुणी ऐकू नये अशा बेताने. "ताई, वस्तीतली माणसं जातायत."

"कुठे जातायत?"

"ओढ्यात. भर दुपारी चपला काठावर काढतात आणि उतरतात. मग सापडत नाहीत. पोलीस आले होते. म्हणाले, कामधंद्याला गेले असतील शहरात. चपला काढून ठेवून कोण जातं गं शहरात?" तिने पदराने तोंड पुसलं. "माझा माणूसही गेला, महिना झाला. तुला फोन केला होता. तू उचलला नाहीस."

अळीबाईला तो फोन आठवला. टँकरचं रडगाणं असेल म्हणून तिने तो वाजू दिला होता.

"किती... किती जण गेले?"

"छत्तीस."

अळीबाईने ट्रेकडे पाहिलं नाही. वहीत सदतीस होते. एक कमी होता, आणि धाकटी बोलता बोलता पाण्याच्या कडेला येऊन पोचली होती.

"मागे हो!" ती किंचाळली. "आधी मागे हो तू!"

धाकटी दचकून मागे सरली. अळीबाई धडपडत काठावर आली. तिने ट्रे खाली ठेवला आणि पिशवीतून नोंदवही काढली. असलं काही नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. पण विषाची परीक्षा कशाला? तिने मागच्या वर्षीच्या पानावरचा सदतीस खोडून छत्तीस लिहिला. बहीण वाचली आणि नोकरीही वाचली. एका आकड्याने एवढं साधतंय म्हटल्यावर तिथे शून्य लिहावं, हे तिच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं, आणि तिने ते झटकून टाकलं. शून्य लिहिलं की चौकशी आली.

धाकटी ट्रेवर ओणवी झाली होती. तिने भिंग हातात घेतलं होतं.

"ताई, ही एक... ही डावीकडे झुकून का चालते गं?"

धाकटीचा नवरा कारखान्यात पडल्यापासून डाव्या बाजूला झुकून चालायचा. हे दोघींनाही ठाऊक होतं.

अळीबाईने स्पिरिटची बाटली उघडली.

"काय करतेस?"

"नमुना जपून ठेवावा लागतो. नियम आहे."

"नको ना ताई... पाया पडते तुझ्या. यांना सोड पाण्यात. कुणीही असू देत, पण सोड."

या छत्तीस अळ्या म्हणजे अळीबाईच्या निर्दोषपणाचा पुरावा होता. प्रयोगशाळेने पाहिल्या की मागचा अहवाल खरा ठरणार होता. तिने बहिणीचा हात बाजूला केला, चिमट्याने एकेक अळी उचलून नमुन्याच्या बाटलीत टाकली आणि वरून स्पिरिट ओतलं. अळ्या सहसा चटकन मरतात. या मेल्या नाहीत. वळवळत, एकमेकींवर चढत त्या काचेला येऊन चिकटल्या. डावीकडे झुकणारी सगळ्यात शेवटी खाली बसली. अळीबाईने झाकण घट्ट फिरवलं, चिठ्ठी लावली आणि गाडीपाशी जाऊन बाटली खोक्यात ठेवली.

ती परत आली तेव्हा धाकटी निघून गेली होती. रडली नव्हती, शिव्याही दिल्या नव्हत्या. ते बरंच झालं, असं अळीबाईला वाटलं.

ती जाळी धुवायला काठाशी वाकली. ओढ्याचा आवाज थांबला होता. पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की वहीत छत्तीस आहेत आणि ओढ्यात आता एकही नाही.

वर वस्तीत दारं उघडल्याचे आवाज आले. एकामागून एक.

माणसं उतारावरून खाली येऊ लागली. हातात बादल्या नव्हत्या, कळश्या नव्हत्या. म्हातारी माणसं होती, कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या. सगळ्यांत पुढे धाकटी होती.

"थांब!" अळीबाई ओरडली. "लिहिते मी! शून्य लिहिते, खरं लिहिते!"

तिने वही उघडली. पानावर खाडाखोड नव्हती. तिच्याच वळणदार अक्षरात तिथे सदतीस लिहिलेलं होतं. तिने पेन टेकवलं. पेन कागदावरून कोरडंच फिरत राहिलं.

माणसं काठाला पोचली आणि वाकून चपला काढू लागली. तिने सवयीने मोजली. कडेवरची पोरं धरून छत्तीस.

धाकटी पाण्यात उतरली. मागे वळून तिने बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काहीच नव्हतं.

"एक कमी पडतोय, ताई," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

ड्रायव्हरने पुढे सगळ्यांना हेच सांगितलं, की त्याने ना माणसं पाहिली, ना ओरडणं ऐकलं. तासाभराने तो काठावर गेला, तेव्हा तिथे चपलांचे ढीग होते आणि एक गमबुटांचा जोड. तो घाबरून गाडी घेऊन निघाला. खोकं तेवढं त्याने इमानेइतबारे प्रयोगशाळेत पोचवलं.

प्रयोगशाळेने तिसऱ्या ठिकाणची बाटली उघडली. आत सदतीस अळ्या निघाल्या. मागच्या वर्षीशी तंतोतंत जुळणाऱ्या, म्हणून पाणी उत्तम असा शेरा गेला. मोजणाऱ्या मुलीने शेऱ्याखाली पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती, ती साहेबांनी खोडून टाकली. आठवडाभर स्पिरिटमध्ये राहूनही सदतिसावी जिवंत आहे, असं तिने लिहिलं होतं, आणि खोलीतले दिवे घालवले की ती काचेवर आतून काहीतरी मोजत असल्यासारखी टकटक करते.