दोन नाक्यांची तार

गुंडप्पा त्या दिवशी घरातनं निघाला तो राकेल आणायला. नाक्यावरच्या कंदिलात तेल संपलं व्हतं, अन् येळवस, म्हंजी शेतात पूजा करून जेवायची अवस, असल्यानं दुकान दुपारनंतर बंद. साल एकावन्न, डिसेंबरची अठ्ठावीस, शुक्रवार. तारीख मला पाठ हाय, कारण मी तवा त्याच रस्त्यावर दुरुस्तीच्या टोळीचा मुकादम व्हतो अन् गुंडप्पासंगं माझी रोजची उठबस. त्यानं जे सांगितलं तेच सांगायलोय. ज्याला हसायचं हाय त्यानं आत्ताच हसून घ्या, मधी दात काढलेले मला चालत न्हाईत.

मुडबीच्या अलीकडं ती खिंड हाय ना, ती आता एका अंगानं रुंद केली. तवा एकच लारी मावायची. दीड फर्लांग लांब, अन् बरोबर मधी वळण. दोन लाऱ्या तोंडाला तोंड आल्या की एक म्हणायचा तू मागं घे, दुसरा म्हणायचा तुझा बाप घील. मागं हैदराबादेच्या लाऱ्या, बाजारच्या बैलगाड्या, एखादं लग्नाचं वऱ्हाड, समदे उपाशी ताटकळत. मंग सरकारनं दोन्ही तोंडाला आडवे बांबू लावले अन् फौजेनं टाकून दिलेले चावीचे दोन टेलिफोन बसवले. चावी फिरवली की पल्याड घंटी वाजती. एकानं विचारायचं, सोडू का? दुसऱ्यानं म्हणायचं, सोड. तसं म्हणल्याबिगर बांबू उचलायचा न्हाई, मंग पुढं नवरदेव का खोळंबला असंना. लोकांला लई कौतुक. खिंडीतली भांडणं मिटली.

वरच्या नाक्यावर राखणीला गुंडप्पा, खालच्या नाक्यावर भीमण्णा. दिवाळीच्या आधी वळणावर दरड सुटली. भीमण्णानं टेलिफोनवर विचारलं, "आत कोण हाय का? दगूड काढायला जायलोय." गुंडप्पानं त्याच्या आधीच एका लारीला न विचारता बांबू उचलून दिला व्हता, अन् तंबाखू मळता मळता इसरून गेला व्हता. म्हणाला, "आत कोनी न्हाई. जा तू."

लारीनं भीमण्णाला कपारीला दाबलं. जागीच गेला.

पंचनाम्याला गुंडप्पा म्हणाला, मला त्यानं विचारलंच न्हाई. झालं. तारेवर बोललेल्याला साक्षीदार कुठला? भीमण्णाची बायको चंद्रम्मा, तिला लोक तोंडावर म्हणायला लागले, तुझाच नवरा येडा, न विचारता आत शिरला. खरं काय ते गुंडप्पाच्या घरातबी कुणाला ठाव नव्हतं. त्याच्या बायकोला, नागव्वाला, तर नवरा म्हंजी देवमाणूस.

तवापासनं गुंडप्पा अंधार पडल्यावर पहिली घंटी उचलंना.

"कामून?" तुमच्यातलं एक विचारायलंय. अरे, रातच्याला पहिल्या हाकंला ओ देऊ नये, हे तुझ्या आयनं सांगितलं न्हाई का? माणूस असंल तर दुसऱ्यांदा हाक मारतंय. दुसरं काय असंल तर एकदाच. गुंडप्पानं हाच नेम टेलिफोनला लावला. खालच्या नाक्यावर नवा आलेला अंबाजी, त्यालाबी सांगून ठेवलं, रातच्याला दोनदा वाजव बाबा. आता ते एकदाच हाक मारतंय हे खरं. पण त्यालाबी घंट्या मोजता येत्यात, हे गुंडप्पाच्या डोक्यात आलं न्हाई.

येळवशीला समदी घरं शेतात. नागव्वा सात वर्षांच्या बसव्वाला घेऊन खिंडीखालच्या भावाच्या शेतात गेली व्हती. गुंडप्पाला रजा न्हाई. येताना भज्जी अन् आंबील घेऊन येते म्हणाली व्हती.

सांजचे सात. अवसंचा अंधार, थंडी अशी की बांबू हाताला चिकटावा. वरच्या नाक्यावर एक दगडाची लारी उभी, अन् ड्रायव्हर सारखा भोंगा वाजवायला.

घंटी वाजली. गुंडप्पानं उचलली न्हाई. थांबली.

जरा वेळानं पुन्हा वाजली. उचलली.

"मोकळी हाय. सोड."

"अंबाजी? शेताकडच्या गाड्या निघाल्या का?"

"मोकळी हाय... सोड."

आवाज जरा बसल्यावानी वाटला. पण थंडी व्हती, अन् ड्रायव्हर भोंगा सोडंना. गुंडप्पानं बांबू उचलला. लारी आत गेली. तांबडा दिवा खाली खाली गेला.

तिसऱ्यांदा घंटी.

"गुंडप्पाण्णा, अकरा गाड्या यायल्यात," अंबाजी म्हणाला. "वैनी पुढच्याच गाडीत हायत. पोरगी झोपलीया."

"कुठं यायल्यात?"

"आत. वळणाजवळ आल्या असतील."

"तुला कुणी सोड म्हणलं?"

"तुमीच की. मी एकदा वाजिवलो, तुमी उचललाव न्हाई. दुसऱ्यांदा वाजवावं म्हणलो, तर हिकडचीच घंटी वाजली. तुमीच म्हणलाव, सोड."

गुंडप्पानं मान वळवून खाली बघितलं. तांबडा दिवा दिसंना.

"अण्णा? काय झालं, अण्णा..."

अंबाजीचा आवाज गेला. तारेवर काहीच न्हाई. मंग बारीक खडे घरंगळल्यासारखं... अन् श्वास. जड. छातीवर वजन ठेवल्यावर घेत्यात तसा.

"आत कोनी न्हाई," ते म्हणालं.

हे गुंडप्पाचेच शब्द. त्याच ठेक्यात.

"आत कोनी न्हाई. जा तू."

पळावं तर लारी पुढं गेलेली. वरडावं तर इंजिनात कोण ऐकणार? वळण आलं असंल. नागव्वा... बसव्वा...

त्यानं टेलिफोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरला. "भीमण्णा, मी खोटं बोललो. तू इचारला व्हतास. मीच जा म्हणलो. लारी मी सोडली व्हती, मी इसरलो, अन् पंचनाम्यात मी खोटं बोललो. तुला मी मारलो. त्यांचं काय चुकलंय? मला ने. माझ्या लेकराला सोड."

त्यानं टेलिफोन कानाला लावला.

मंग खाली... इंजिन बंद पडलं.

गुंडप्पा कंदील घेऊन धावला. वळणावर लारी उभी. समोर दोन हातांवर पुढल्या गाडीचे बैल, नाकातनं वाफा टाकत. मागं अकरा गाड्यांतली माणसं, बाया, पोरं, समदी गप. रडणारं लेकरूबी न्हाई. बसव्वा आयच्या मांडीवर, जागी, धडधाकट. गुंडप्पानं हात पुढं केले.

नागव्वानं पोरगीला मागं ओढलं.

"चंद्रम्माच्या नवऱ्याला तुमी मारलाव?"

"कोण... कोण म्हणलं तुला?"

"तुमीच सांगायलाव नव्हं आत्ता? खिंडीत तुमचा आवाज घुमायला व्हता. समद्यांनी ऐकलाय."

ड्रायव्हर सुकाणूवर डोकं टेकून बसलेला. "मी त्या आवाजालाच ब्रेक दाबलो," येवढंच म्हणाला.

नागव्वा गाडीतनं उतरली, लेक कडेवर घेतली, अन् चालत वर गेली. त्याच पावली चंद्रम्माचं दार वाजवलं अन् जे ऐकलं ते तिला सांगितलं. गुंडप्पाच्या उंबऱ्यात ती पुन्हा चढली न्हाई. त्याचं जे वाचायचं व्हतं ते वाचलं. घरात मात्र राहिलं न्हाई. पुढं त्यानं स्वतः जाऊन पंचनामा बदलून घेतला, पण ते मला सांगायचं न्हाई.

शनवारी सकाळी लाइनमन तार तपासायला आला. मी संगं व्हतो. वळणापतोर तार नीट. वळणावर ती खांबावरनं खाली आलेली, अन् भीमण्णा जिथं दाबला गेला त्या कपारीत शिरलेली. तिथं भोक न्हाई, भेग न्हाई, सपाट काळा दगूड. दोघांनी पाय लावून ओढली. आली न्हाई. शेवटी लाइनमननं चिमट्यानं कापली अन् नवी तार टाकली.

दगडातलं टोक तसंच राहिलं, बोटभर. मी त्याला हात लावून बघितला. भर थंडीत, सकाळच्या पारी. कोमट व्हतं.